क्रिएटिनीन नॉर्मल असताना बायोप्सी कशासाठी? ल्युपस, मूत्रपिंडातील व्रण आणि जनुकांच्या खुणा

अमळनेर तालुक्यातील एका ओळखीच्या शेतकरी कुटुंबातील २४ वर्षांच्या मुलीचे तपासणी अहवाल घेऊन तिचे वडील गेल्या श्रावणात माझ्याकडे आले होते. मी डॉक्टर नाही. जीवशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, म्हणून गावाकडची मंडळी असे कागद माझ्यापुढे ठेवतात. मुलीला ल्युपस असल्याचे दीड वर्षापूर्वी कळले होते. आता लघवीला फेस येऊ लागला होता, सकाळी पापण्या सुजत होत्या आणि लघवीतील प्रथिनाचे क्रिएटिनीनशी असलेले गुणोत्तर १.९ आले होते. हे गुणोत्तर ०.५ च्या वर टिकून राहिले की ल्युपसच्या रुग्णात डॉक्टर बायोप्सीचा, म्हणजे सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, विचार करतात, आणि तसा सल्ला त्यांना मिळालाही होता. परंतु रक्तातील क्रिएटिनीन मात्र ०.८, म्हणजे छापील मर्यादेच्या अगदी आत होते. वडिलांनी त्या आकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, "सर, रिपोर्ट चांगला शे ना, मंग सुई कशाले टोचतस?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे पूर्ण उत्तर द्यायचे तर गेल्या वीस-बावीस वर्षांत मूत्रपिंडाच्या पेशींमधील जनुकांविषयी जे कळले आहे तिथपर्यंत जावे लागते.

ल्युपसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातील द्रव्यांविरुद्ध, विशेषतः डीएनएविरुद्ध, प्रतिपिंडे तयार करते. दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात आणि आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. या प्रतिपिंडांचे गुंते मूत्रपिंडातील गाळणीत अडकले, किंवा तिथेच तयार झाले, की त्या जागी दाह सुरू होतो. त्याला ल्युपस नेफ्रायटिस म्हणतात. ल्युपसच्या रुग्णांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास लोकांना आयुष्यात केव्हा तरी तो होतो, आणि ज्यांना होतो त्यांच्यापैकी १० ते ३० टक्के लोकांची मूत्रपिंडे पुढे काही वर्षांत निकामी होतात. बाकीच्यांची मूत्रपिंडे टिकतात. कोणाची टिकतील आणि कोणाची नाही, हे आधी कसे ओळखायचे, हाच या विषयाचा गाभा आहे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत, कारण बोलताना आपण दोन्हींना "किडनीला सूज" असेच म्हणतो. पहिली म्हणजे दाह. संरक्षक पेशी गाळणीत शिरतात, तिथली पातळ भिंत सुजते, फाटते, रक्तपेशी आणि प्रथिने लघवीत गळू लागतात. हा दाह औषधांनी शमवता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे व्रण. भाजलेली जखम भरल्यावर कातडीवर जो चकचकीत, कडक पट्टा राहतो, त्यावर केस उगवत नाहीत आणि त्यातून घामही येत नाही. जागा भरलेली असते, पण कातडीचे काम तिथे होत नाही. मूत्रपिंडात तेच घडते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या असतात, प्रत्येक गाळणीला जोडलेली एक लांब वळणावळणाची नलिका असते, आणि नलिकांच्या मधल्या जागेत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी एरवी शांत बसलेल्या असतात. दाह रेंगाळला की या पेशींना डागडुजीचा निरोप मिळतो, त्या कोलॅजेनचे दोरखंड विणू लागतात, आणि निरोप थांबला नाही तर विणतच राहतात. मधल्या जागेत दोरखंड वाढले की नलिकांचा रक्तपुरवठा आवळला जातो, नलिका सुकतात, आणि नलिका सुकली की तिच्या वरची गाळणी चांगली असली तरी निरुपयोगी होते. नाव गाळणीच्या रोगाचे असले, तरी मूत्रपिंड टिकणार की नाही याचा अंदाज नलिका आणि त्यांच्या मधल्या जागेवरून पुष्कळदा अधिक चांगला बांधता येतो.

आता तो ०.८ चा आकडा. क्रिएटिनीन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ आहे. मूत्रपिंड तो बाहेर टाकते. काही गाळण्या बंद पडल्या की उरलेल्या गाळण्या जास्त काम ओढतात, आणि म्हणून गाळण्याची सुमारे निम्मी क्षमता गेली तरी रक्तातील क्रिएटिनीन ठळकपणे वाढेलच असे नाही. त्यातही ही मुलगी ४२ किलोंची. स्नायूच कमी, तर क्रिएटिनीन तयारही कमी होणार. तिच्या अंगाचा विचार करता ०.८ हा आकडा आपल्याला वाटतो तितका निर्धास्त करणारा नाही. लघवीतील प्रथिन त्यामानाने लवकर बोलते, पण ते मोघम बोलते: गळती ताज्या दाहामुळे होते आहे की जुन्या व्रणामुळे, हे त्यावरून कळत नाही. हा भेद केवळ पुस्तकी नाही. दाह असेल तर स्टिरॉइड, मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइड अशी जोरदार औषधे द्यायलाच हवीत. गळती निव्वळ व्रणातून असेल, तर तीच औषधे वाढवून हाती जंतुसंसर्गाचा धोका येतो, सायक्लोफॉस्फामाइडने पुढे मूल होण्यावरही परिणाम होऊ शकतो, आणि व्रण आहे तिथेच राहतो.

मुलीचे वडील कापूस लावतात, त्यामुळे पुढची गोष्ट त्यांना समजावणे मला सोपे गेले. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की तिचे छिद्र बुजून जाते; बोंड बाहेरून हिरवेगार आणि धड दिसते, आतली सरकी आणि रुई मात्र खाल्ली जात असते. म्हणून शेतात फिरून २० हिरवी बोंडे तोडतात, फोडतात आणि किती किडकी निघाली ते मोजतात. बायोप्सी म्हणजे ही बोंडे फोडणे. सोनोग्राफीत पाहत, जागा बधिर करून, बारीक सुईने मूत्रपिंडाचा एक धाग्याएवढा तुकडा काढतात. त्यात साधारण १० ते २० गाळण्या मिळाल्या तर नमुना चांगला समजतात. सूक्ष्मदर्शकाखाली पॅथॉलॉजिस्ट दोन गुण देतात: दाहाच्या सक्रियतेला ० ते २४ पैकी आणि कायमच्या नुकसानीला, म्हणजे जुन्या व्रणांना, ० ते १२ पैकी. दुसऱ्या आकड्यात कडक झालेल्या गाळण्या, सुकलेल्या नलिका आणि मधल्या जागेतील तंतू यांची मोजदाद असते.

या पद्धतीच्या दोन अडचणी आहेत. २० लाख गाळण्यांपैकी पंधरा पाहून निष्कर्ष काढायचा, ही एक. दुसरी अधिक मूलभूत आहे. सूक्ष्मदर्शकाला विणून झालेला व्रण दिसतो. विणकाम नुकतेच सुरू झाले आहे, किंवा सुरू होण्याच्या बेतात आहे, हे साध्या रंगवलेल्या काचेवर दिसत नाही. पॅथॉलॉजिस्टने "कायमचे नुकसान २" असे लिहिले, तर ते पाच वर्षे २ वरच राहील की दीड वर्षात ६ होईल, हे त्या काचेवर लिहिलेले नसते.

जनुकांची अभिव्यक्ती इथे उपयोगी पडते. शब्द जड आहे, पण कल्पना तलाठी कार्यालयात गेलेल्या कोणालाही कळेल अशी आहे. गावातल्या सगळ्या जमिनींची मूळ नोंदवही एकच असते आणि ती दप्तरातून बाहेर जात नाही. ज्याला काम असते तो आपल्या गट नंबरची नक्कल काढून नेतो. पेशीचा डीएनए ही ती नोंदवही. मूत्रपिंडाच्या पेशीत, डोळ्याच्या पेशीत, त्वचेच्या पेशीत ती जवळजवळ अक्षरशः सारखीच असते. फरक पडतो तो नकलांमुळे: कोणत्या पेशीने कोणत्या जनुकाच्या किती नकला काढल्या. या नकलांना संदेशवाहक आरएनए म्हणतात, आणि नकलेवरून पेशी प्रथिन बनवते. एखाद्या गटाच्या उताऱ्याच्या नकला अचानक दहापट निघू लागल्या, तर त्या जमिनीचा व्यवहार होणार हे खरेदीखताच्या आधीच गावाला कळते. त्याचप्रमाणे मूत्रपिंडाच्या तुकड्यात कोलॅजेनच्या जनुकाच्या नकला भराभर निघत असतील, तर कोलॅजेनचा थर काचेवर दिसण्यापूर्वीच विणकामाची मागणी नोंदवली गेली आहे, असा त्याचा अर्थ होतो.

एक खुलासा इथेच करतो, कारण "जनुक" म्हटले की आपल्याकडे पहिली धडकी सोयरिकीची भरते. जनुकांची अभिव्यक्ती मोजणे म्हणजे आनुवंशिक दोष शोधणे नव्हे. आनुवंशिक तपासणीत मूळ नोंदवहीतील अक्षरे वाचतात आणि ती जन्मभर तीच राहतात. अभिव्यक्तीत आजच्या तारखेला निघालेल्या नकला मोजतात, आणि त्या औषधाने, तापाने, उपचार लागू पडल्याने बदलतात. बदलतात म्हणूनच त्या मोजण्यात अर्थ आहे.

ल्युपसमध्ये या दिशेने झालेल्या कामाचा एक महत्त्वाचा टप्पा २००४ सालचा आहे. संशोधकांनी बायोप्सीच्या कापांतून लेसर किरणाने फक्त गाळण्या कापून वेगळ्या केल्या आणि त्यांतील नकला मोजल्या. एकाच नावाच्या आजारात रुग्णागणिक वेगवेगळे चित्र निघाले. काहींत प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींच्या खुणा ठळक होत्या, काहींत इंटरफेरॉन या द्रव्याने (एरवी विषाणूंशी लढताना पेशी जे सोडतात) जागी होणारी जनुके, तर काहींत तंतू विणणारी जनुके. ज्यांच्या गाळण्यांत इंटरफेरॉनची खूण मोठी होती, त्यांच्यात व्रणाच्या जनुकांची खूण लहान होती, हे विशेष.

पुढे २०१९ मध्ये एकेका पेशीतील नकला स्वतंत्रपणे मोजणारे अभ्यास प्रसिद्ध झाले. आधी तुकडा दळून सगळ्यांची सरासरी काढली जाई. आता कोणती नक्कल कोणत्या पेशीची हे कळू लागले. त्यांपैकी एका अभ्यासात नलिकांच्या पेशींकडे लक्ष दिले गेले, आणि ज्या रुग्णांच्या नलिकापेशींत इंटरफेरॉनचीही आणि तंतूंचीही खूण मोठी होती, त्यांना उपचार लागू पडले नाहीत असे आढळले. वरवर पाहता हे २००४ च्या निष्कर्षाच्या उलट वाटते. मला ते तसे वाटत नाही. एकदा गाळण्या तपासल्या होत्या, दुसऱ्यांदा नलिका; आणि एकच द्रव्य दोन जागी दोन वेगळ्या अवस्थांची खूण असू शकते. या विषयात "अमुक जनुक वाढले म्हणजे वाईट" असे सरसकट विधान कोणी केले, तर कोणत्या पेशीत वाढले, हा प्रश्न आधी विचारावा. याच अभ्यासात त्वचेच्या पेशींतही इंटरफेरॉनची तीच खूण सापडली. मूत्रपिंडाऐवजी त्वचेचा बारीक नमुना काही प्रमाणात पुरेल का, ही शक्यता त्यामुळे विचारात आली.

व्रण आणि घटती क्षमता यांच्याशी ज्या जनुकांचा संबंध पुन्हा पुन्हा दिसतो, त्यांत वाढणारी आणि मावळणारी अशी दोन्ही आहेत. वाढणाऱ्यांत पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनची जनुके, तंतूंना चिकटवून ठेवणारे फायब्रोनेक्टिन, विणलेले जाळे मोडू न देणारे टिम्प-१, इजा झालेल्या नलिकेत वाढणारे एमएमपी-७ आणि या सगळ्यांना हुकूम देणारा टीजीएफ-बीटा ही प्रमुख होत. पण मला अधिक बोलके वाटते ते मावळणाऱ्यांचे. निरोगी नलिका ईजीएफ नावाचे वाढीचे प्रथिन भरपूर बनवते. नलिका आजारी पडली की ते जनुक गप्प होऊ लागते. २०१५ मध्ये निरनिराळ्या मूत्रपिंडविकारांच्या बायोप्सींतील जनुके चाळून पाहिली तेव्हा मूत्रपिंडाच्या क्षमतेशी ईजीएफची जोडी चांगली जुळली, आणि बायोप्सी न करता लघवीत मोजलेल्या ईजीएफवरूनही पुढील घसरणीचा अंदाज येतो असे दिसले. ल्युपसच्या रुग्णांतही लघवीतील ईजीएफ कमी असणे आणि मूत्रपिंडात जुने नुकसान असणे यांचा संबंध नंतर आढळला. मीठ, साखर, आम्ले यांची ने-आण करणारी नलिकेतील जनुकेही अशीच मंदावतात. घरात भांडण चालू आहे हे आरडाओरड्यावरून कळते, तसे चूल पेटलेली नाही यावरूनही कळते.

आणखी एक बारीकसा दुवा सांगण्यासारखा आहे. पेशीत काही चिमुकले आरएनए असतात, जे स्वतः प्रथिन बनवत नाहीत. निघालेल्या नकला रद्द करण्याचे काम करतात. मायक्रो आरएनए-२९ या गटाचे काम कोलॅजेनच्या नकला रोखणे हे आहे. तो कमी झाला की कोलॅजेनवरचा लगाम सुटतो. २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ल्युपसच्या रुग्णांच्या लघवीतील सूक्ष्म पुटिकांमध्ये या गटातील २९-सी हा आरएनए मोजला, आणि मूत्रपिंडात व्रण जास्त तिथे तो कमी असल्याचे दिसले.

लघवीवर संशोधकांचा डोळा असण्याचे कारण उघड आहे. बोंडे रोज फोडता येत नाहीत, म्हणून शेतात कामगंध सापळे लावतात आणि पतंग मोजतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले की फवारणीची वेळ झाली असे मानतात. मूत्रपिंडाला सुई वर्षातून चार वेळा टोचता येणार नाही, लघवी मात्र दर महिन्याला मिळते, आणि मूत्रपिंडातील पेशी तिच्यात गळून येतात. २०१९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात लघवीत सापडलेल्या संरक्षक पेशींची जनुके मूत्रपिंडातील तशाच पेशींच्या जनुकांशी बऱ्यापैकी जुळली. रक्ताची गोष्ट वेगळी. रक्तात इंटरफेरॉनची खूण ल्युपसच्या पुष्कळ रुग्णांत दिसते, हे २००३ पासून माहीत आहे, आणि २०१६ मध्ये ल्युपस असलेल्या १५८ मुलांचे रक्त दीर्घकाळ तपासले तेव्हा न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींच्या जनुकांचा मूत्रपिंडाच्या आजाराशी संबंधही दिसला. तरी व्रणाचे विणकाम मूत्रपिंडातच चालते, रक्तात नाही, त्यामुळे व्रणाबाबत रक्ताची साक्ष दुरून दिलेली असते.

सापळ्यात आठ पतंग हा आकडा अनेक हंगामांच्या निरीक्षणातून ठरला. जनुकांच्या खुणांचा असा सर्वमान्य आकडा अजून ठरलेला नाही, आणि म्हणून जळगाव-धुळ्यालाच काय, मोठ्या शहरांतही नेहमीच्या उपचारात डॉक्टर ही तपासणी लिहून देत नाहीत. त्याची कारणे कळण्यासारखी आहेत. अभ्यासांतील रुग्णसंख्या लहान असते. आरएनए फार नाजूक असतो. तुकडा काढताक्षणी विशिष्ट द्रावणात ठेवला नाही, तर नकला विरून जातात, आणि मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या जुन्या बायोप्सीत त्यांचे तुकडेच हाती लागतात. एक फसवी गोष्टही आहे: दळलेल्या तुकड्यात कोलॅजेनच्या नकला वाढलेल्या दिसल्या, तर प्रत्येक पेशीने जास्त नकला काढल्या की नुसती विणणाऱ्या पेशींची गर्दी वाढली, हे सरासरीवरून कळत नाही. खूण आणि कारण यांतही अंतर आहे. ईजीएफ कमी झाल्याने नलिका सुकते की नलिका सुकल्याने ईजीएफ कमी होते, हे नुसत्या मोजणीने ठरत नाही. तेव्हा कोणी "जनुक पॅकेज" म्हणून हजारो रुपयांची तपासणी पुढे केली, तर तिच्या निकालाने माझे कोणते औषध बदलणार आहे, एवढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

मग या सगळ्याचा त्या वडिलांच्या प्रश्नाशी संबंध काय? रक्ताचा रिपोर्ट धड दिसत असतानाही आत विणकाम सुरू झालेले असू शकते, हे जनुकांच्या अभ्यासाने पेशीच्या पातळीवर दाखवले, आणि म्हणून क्रिएटिनीन वाढण्याची वाट पाहू नये, हा डॉक्टरांचा जुना आग्रह अधिक भक्कम झाला. ते आत डोकावण्याचे आज हाती असलेले साधन बायोप्सी हेच आहे. मी त्यांना एवढेच सांगितले, की पंचवीस एकरांचा अंदाज घ्यायला तुम्ही वीस बोंडे फोडताच ना? ते हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली.

बायोप्सी झाली. एक रात्र पाठीवर पडून राहावे लागले, दुसऱ्या दिवशी लघवी किंचित लालसर झाली आणि मग थांबली. अहवालात चौथ्या वर्गाचा ल्युपस नेफ्रायटिस, सक्रियता ९ आणि कायमचे नुकसान २ असे लिहिले होते. म्हणजे दाह बराच, व्रण थोडा. उपचाराला वाव असलेली वेळ. मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड सुरू झाले, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसचे नेहमीचे औषध चालू राहिले आणि त्यासाठी डोळ्यांची तपासणी ठरली, रक्तदाब व प्रथिनगळती कमी करणारी एक गोळी आली. मायकोफेनोलेट आणि ती गोळी चालू असताना गर्भ राहू देऊ नये, हे डॉक्टरांनी मुलीला स्वतंत्र बसवून सांगितले, ते मला फार योग्य वाटले. आपल्याकडे अशी सूचना बापाला किंवा नवऱ्याला देऊन मोकळे होण्याची रीत आहे. उन्हाने ल्युपस भडकतो, म्हणून वेचणीला जायचे नाही, आणि अंग दुखले तरी गावातल्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खायच्या नाहीत, कारण त्या मूत्रपिंडाला अपाय करतात, हेही ठरले.

नवरात्राच्या सुमारास वडील पुन्हा आले. या वेळी त्यांचे बोट क्रिएटिनीनवर नव्हते, बायोप्सीच्या अहवालातील २ वर होते. "सर, या दोनना शून्य व्हई का?" मी सांगितले की झालेला व्रण पुसणारे खात्रीचे औषध आज नाही, सगळी धडपड आहे ती दोनाचे चार होऊ नयेत यासाठी. त्यांनी थोडा वेळ विचार केला, कागद घडी घालून माती परीक्षणाच्या पिशवीत ठेवला, आणि पुढची तपासणी नेमकी पहिल्या वेचणीच्या आठवड्यात येते आहे, ती दोन दिवस मागे-पुढे करून मिळेल का, हे विचारण्यासाठी दवाखान्याचा नंबर मागून घेतला.